उद्या ये : भयपटातील वातावरण आणि भय

१९९० च्या दशकात कर्नाटकातील अनेक गावांत आणि शहरांच्या वस्त्यांत घरांच्या दारांवर दोन कानडी शब्द लिहिलेले दिसत : 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये'. वदंता अशी होती, की रात्री एक बाई येते, दार ठोठावते आणि घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. दार उघडणारा वाचत नाही. दारावर 'उद्या ये' असे लिहिलेले असले, की ती ते वाचून परत फिरते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा तेच वाचते आणि पुन्हा परत जाते. कुठल्याही वर्तमानपत्राच्या किंवा चित्रपटाच्या आधारावाचून ही गोष्ट गावोगाव पोचली, आणि एरवी भुताखेतांना हसणाऱ्या माणसांच्या दारांवरही ती अक्षरे उमटली.

या वदंतेत काय नव्हते, ते आधी पाहण्यासारखे आहे. तीत पडका वाडा नव्हता, वाऱ्याने विझणारी मेणबत्ती नव्हती, धुके नव्हते, घुबड नव्हते. होते ते एक साधे दार, आणि त्यापलीकडून आलेला ओळखीचा आवाज. भीतीला एवढे साहित्य पुरले. उलट ज्या चित्रपटांनी वाडा, धुके, मेणबत्ती आणि घुबड हे सगळे जमवले, ते पाहून बाहेर पडताना प्रेक्षक बहुधा एकच वाक्य बोलतो : वातावरणनिर्मिती छान होती. हे वाक्य आपण प्रशंसा म्हणून उच्चारतो. पण ती एक कबुलीही असते. जो खरोखर भ्याला, त्याला वातावरणाकडे लक्ष देण्याइतकी सवड मिळालेली नसते. वातावरण आणि भय यांत हे जे अंतर आहे, ते नेमके कशाचे आहे, हा या लेखाचा विषय आहे. आणि आपल्याकडील भयपटाच्या सुमारे सत्तर वर्षांच्या वाटचालीत त्याचे उत्तर शोधता येते, असे मला वाटते.

या शोधात सर्वांत जुना वाटाड्या भरतमुनी आहे. 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने जी यादी दिली आहे, ती आजच्या कुठल्याही भयपटाच्या कलादिग्दर्शकाला हाताशी ठेवता येईल. विकृत ध्वनी, पिशाच्चादिकांचे दर्शन, कोल्ह्यांची आणि घुबडांची भीती, ओसाड घरात किंवा अरण्यात जाणे, हे सारे तीत आहे. परंतु त्याच यादीत दोन गोष्टी अशा आहेत, की त्या देखाव्यात मांडता येत नाहीत. एक म्हणजे स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे वा ऐकणे. आणि दुसरी म्हणजे गुरूचा वा राजाचा अपराध आपल्या हातून घडलेला असणे. पुढे भरत भयानकाचे तीन प्रकार सांगतो : व्याजाचे म्हणजे बतावणीचे भय, अपराधातून उपजलेले भय, आणि वित्रासितक, म्हणजे भेदरून जाण्याचे भय. घुबड आणि ओसाड घर ही विभावांची नावे आहेत; प्रकार पाडताना मात्र भरताने त्यांना जागा दिलेली नाही. भय कुठे वाटते, यापेक्षा ते कशामुळे वाटते, हा भेद त्याला महत्त्वाचा वाटला. हे तीन शब्द घेऊन आपल्या भयपटांकडे पाहिले, की बरेच काही उलगडते.

हिंदी भयपटाचा आरंभ साधारणपणे कमाल अमरोही यांच्या 'महल' (१९४९) पासून मानतात. बॉम्बे टॉकीजच्या या चित्रपटाचे छायाचित्रण जर्मनीहून आलेल्या जोसेफ विर्शिंग यांनी केले होते, आणि सावल्यांची ती भाषा नंतरच्या कित्येकांनी गिरवली. ओसाड प्रासाद, मालकासारखेच दिसणारे भिंतीवरचे जुने चित्र, झोपाळ्यावर बसलेली मधुबाला, आणि दुरून जवळ येत जाणारा लता मंगेशकरांचा आवाज. ध्वनिमुद्रणाच्या वेळी आपण ध्वनिग्राहकापासून लांब उभे राहून गात गात जवळ येत होतो, असे लताबाईंनीच पुढे सांगितले आहे. आज ऐकतानाही ते अंतर जाणवते. वातावरण म्हणून 'महल'ला तोड नाही. पण अखेरीस कळते ते हे, की ती प्रासादातील अतृप्त आत्मा नसून माळ्याची मुलगी आहे, आणि आजवर जे चालले ते सोंग होते. भरताच्या भाषेत हे व्याज झाले. नायकाचा त्या सोंगापायी सर्वनाश होतो, ही गोष्ट करुण आहे. भयाचे कारण मात्र सोंगाबरोबरच संपलेले असते.

पुढच्या पंधरा वर्षांतील गाजलेले चित्रपट याच वाटेने गेले. बिरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२) कॉनन डॉयलच्या बास्करव्हिलच्या कथेवर बेतलेला. राज खोसला यांच्या 'वो कौन थी?' (१९६४) मधील पांढऱ्या साडीतील बाई हा इस्टेटीसाठी रचलेला कट. हे चित्रपट रहस्यकथा म्हणून बांधेसूद आहेत. 'बीस साल बाद'च्या मुळाशी तर एक खरा अपराध आहे : ठाकुराने एका गरीब मुलीवर केलेला अत्याचार. पण तो अपराध करणारा केव्हाच मेलेला असतो, आणि तो कथेत येतो तो खुनाचा हेतू म्हणून, शेवटच्या उलगड्यात. प्रेक्षक कोडे सुटल्याच्या समाधानाने उठतो. ज्या भयाचे उत्तर मिळते, ते भय घरी बरोबर येत नाही. बरोबर येतात ती गाणी.

मराठीतही असेच घडलेले दिसते. वसंत जोगळेकर दिग्दर्शित 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) हा मराठीतला बराच काळ आठवला गेलेला गूढपट. सुधीर मोघे यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत असलेली त्यातील गाणी घरोघर पोचली. चाळीस वर्षांनी, २०१६ मध्ये, झी मराठीवर कोकणातील एका वाड्याची भयमालिका सुरू झाली, तेव्हा तिने आपले नाव याच चित्रपटातील एका गाण्याकडून घेतले : 'रात्रीस खेळ चाले'. चित्रपटाच्या नावाऐवजी गाण्याचा मुखडा पुढच्या पिढीपर्यंत पोचावा, ही वातावरणाच्या सामर्थ्याची खूण आहे, आणि मर्यादेचीही.

दरम्यान रॅम्से बंधू अवतरले होते. १९७० मध्ये पृथ्वीराज कपूर यांची भूमिका असलेला त्यांच्या वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. पण मुखवटा घालून पृथ्वीराज चोरी करतात त्या प्रसंगी प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी चित्रपटगृहात बसून टिपले. त्या निरीक्षणातून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) निघाला. महाबळेश्वरला थोड्या माणसांत आणि थोड्या पैशांत चित्रित केलेला. मग 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८). रॅम्सेंचे श्रेय असे, की त्यांनी व्याज टाकून दिले; त्यांचे भूत खरोखरच भूत असे. भयानक हा बीभत्सापासून निपजतो, असे भरताने म्हटले आहे, आणि रॅम्सेंनी ते शब्दशः घेतले. परंतु त्यांचा सैतान कायम दूर कुठेतरी असे. पुण्या-मुंबईची तरुण मंडळी मोटारीत बसून त्याच्याकडे जात. उरलेली परत येत. प्रेक्षकही त्यांच्याबरोबर सहलीला जाऊन परत येई. जेथे जावे लागते, तेथे न जाण्याची मुभाही असते. हवेलीतील भुताची भीती हवेलीपुरतीच राहते, ती यामुळे.

ही अडचण पाश्चात्त्यांनी फार आधी ओळखली होती. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको' (१९६०) मध्ये टेकडीवर एक जुनाट, काळवंडलेले घर आहे; जुन्या भयपटांच्या गढीचा तो वारसा. प्रेक्षकाची नजर त्या घराकडे लागलेली असते, आणि खून मात्र खालच्या मोटेलात होतो. पांढऱ्या फरशांच्या, लख्ख उजेडाच्या न्हाणीघरात. गढी मागे उभीच आहे, आणि भय तिच्यातून उतरून रोजच्या वापरातल्या खोलीत आलेले आहे. सिग्मुंड फ्रॉइडने १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात अशा भयासाठी जो जर्मन शब्द वापरला, त्याच्या पोटात 'घर' हाच शब्द आहे. एके काळी घरचे असलेले आणि पुढे दडपलेले काही परतून आले, की ते सर्वांत भयंकर वाटते, असे त्याचे प्रतिपादन.

हिंदीत हे स्थलांतर राम गोपाल वर्मा यांनी घडवले. 'रात' (१९९२) मध्ये त्याची चाहूल होती. 'भूत' (२००३) मध्ये ते पूर्ण झाले. एकही गाणे नसलेला हा चित्रपट मुंबईतील उंच इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये घडतो. लिफ्ट, दूरदर्शन संच, फ्रीज, रात्री पाण्यासाठी उठलेले माणूस. यांतले काय आपल्या घरात नाही? तो पाहून लिफ्टमध्ये एकटे चढायला कचरणारी माणसे पुष्कळ होती. तरीही 'भूत'चा मुख्य भर दचकवण्यावर आहे. शांतता ताणायची आणि मग एक प्रचंड आवाज सोडायचा. मोठ्या आवाजाने शरीर दचकते, ते विचाराच्याही आधी. त्या क्रियेला मनाची संमती लागत नाही. भरताचे वित्रासितक ते हेच, असे म्हणता येईल. दचकणे खरे असते, पण ते क्षणात ओसरते आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी बोथट होते. शिवाय कथेतील खुनी दुसराच कुणीतरी निघतो, त्याला शिक्षा होते आणि फ्लॅट पुन्हा राहण्याजोगा होतो. भय आपल्या घरापर्यंत आले, पण आपल्याशी त्याचे काम नव्हते. ते चुकून आपल्या पत्त्यावर आले होते.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. उलगडा झाला की भय संपते, असे म्हणावे, तर फाझिल यांचा 'मणिचित्रताळ' (१९९३) हा मल्याळी चित्रपट आणि त्यावरून कानडीत आलेला 'आप्तमित्र' (२००४) यांचे काय? तेथेही भूत नाही. मानसोपचारतज्ज्ञ येतो आणि सारे समजावून सांगतो. तरी त्यातील नागवल्ली दक्षिणेतील प्रेक्षकाच्या मनातून गेली नाही. मूळ चित्रपटात शोभना यांनी रंगवलेली ती पत्नी एका क्षणी नवऱ्याच्या साध्याशा नकाराने बदलते. आवाज बदलतो, डोळे बदलतात, आणि जड पलंग ती एका हाताने उचलते. तेथे भीती वाटते ती नागवल्लीची नव्हे. जिच्याशी रोज बोलतो, तिच्या आत आपण कधी न विचारलेले केवढे काही साठलेले आहे, याची ती भीती आहे. उलगड्याने रोगाचे नाव कळते, पण 'आपण विचारले का नाही' हा प्रश्न सुटत नाही. व्याजाच्या साच्यात येथे अपराधाने प्रवेश केलेला आहे, आणि म्हणूनच हे चित्रपट टिकले.

धारवाडच्या मराठी वाचकाला ही जात अनोळखी नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या आयुष्याचा मोठा काळ याच गावात इंग्रजी शिकवण्यात गेला. त्यांच्या कथांना कुणी भयकथा म्हणणार नाही, पण त्या रात्री एकट्याने वाचणे सोपे नाही. भूत नसतानाही माणूस आपल्याच कृत्याच्या आणि आपल्याच नियतीच्या समोर उभा राहिला, की कसा थरकाप होतो, ते मराठीत त्यांच्याइतके क्वचितच कुणी दाखवले असेल.

मराठी भयसाहित्याची दुसरी, अधिक लोकप्रिय धारा नारायण धारप यांची. वाचनालयांतून हातोहात फिरून जीर्ण झालेल्या त्यांच्या पुस्तकांनी दोन पिढ्यांना जागे ठेवले. त्यांचीच एक कथा नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकल्याचे राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे. 'तुंबाड' (२०१८) चे बीज ते. चित्रपटाला नाव मिळाले ते श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून.

'तुंबाड'मध्ये वातावरण कमी नाही. किंबहुना एवढा पाऊस हिंदी पडद्यावर क्वचितच पडला असेल. तो टिपण्यासाठी अनेक पावसाळे खर्ची पडले. पण तेथे पाऊस हा पडदा म्हणून टांगलेला नाही. देवांनी शापलेल्या हस्तरचे मंदिर पूर्वजांनी बांधले, म्हणून त्या गावावर देवांचा कोप कोसळतो आहे. पाऊस हे एका अपराधाचे फळ आहे. वातावरण आणि अपराध येथे एकजीव झाले आहेत. १९१८ मध्ये सुरू होणाऱ्या या कथेत, घरात साखळीने बांधलेली आजी जेवढी भयंकर आहे, त्याहून भयंकर आहे तो १९४७ मधला बाप. तो आपल्या कोवळ्या मुलाला सोन्याच्या मोहरा काढण्याचे तंत्र शिकवतो : पिठाची बाहुली कशी करायची, दोर कसा धरायचा, हस्तर कधी धावून येतो. किती सहजपणे, जणू संध्येचे पाठ द्यावेत तसे! हस्तरला पाहून आपण दचकतो. या बापाला पाहून मात्र आपण गप्प होतो, कारण मुलांना काय द्यायचे आणि कशाचा वारसा द्यायचा, हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेरचा आहे.

त्याआधी एक वर्ष आलेला विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात हवेली नाही. उसाचे शेत आहे, आणि बराचसा भाग लख्ख उन्हात घडतो. पूजा सावंत यांनी साकारलेली गरोदर नायिका आसऱ्यासाठी शेतातल्या एका घरात येते. तिची काळजी घेणारी तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक, तिला वेळेवर जेवू घालते, पोटाची चौकशी करते. उसात मुले दिसतात, लपतात, हसतात. हळूहळू कळते, की या घरात जन्मू न दिलेल्या आणि जन्मल्यावर मारलेल्या मुलींचा हा हिशेब आहे. तेव्हा आठवते, की तुळसाबाईच्या चौकशीतला प्रत्येक शब्द आपण कुठल्या ना कुठल्या घरात, डोहाळजेवणाच्या पंगतीत, प्रेमाच्या स्वरात ऐकलेला आहे.

या भयाला बाहेरचा आधार आहे, आणि तो जनगणनेत आहे. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. ऊसतोडणीसाठी घरदार सोडणाऱ्या मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये हा आकडा ८०७ होता. 'लपाछपी'तील मुले उसात का दिसतात, हे निराळे सांगावे लागत नाही. चित्रपट संपल्यावर दिवे लागतात, पण हे आकडे दिव्यांनी पुसले जात नाहीत. पडद्यावर जे उभे राहिले ते प्रेक्षकांच्या घरांतून निघालेले होते. ते चुकून कुणाच्या पत्त्यावर आलेले नव्हते.

यावरून वातावरण निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. वातावरण मनाला सावध करते, कान टवकारायला लावते, काहीतरी येणार आहे असे सांगते. पण येणारे जर परक्याकडे आलेले असेल, तर आपण खिडकीतून मजा पाहतो. ते आपल्याकडे आलेले असेल, आणि का आले आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर मग घुबडाची गरज उरत नाही. बतावणीचे भय उलगड्याने संपते, दचकण्याचे सवयीने संपते. अपराधाचे भय संपत नाही, कारण त्याचे कारण प्रेक्षक बरोबर घेऊनच आलेला असतो आणि बरोबर घेऊनच जातो.

या कसोटीवर कर्नाटकातील त्या दारांवरच्या अक्षरांचा पुढचा प्रवास बोलका आहे. 'तुंबाड' आला त्याच २०१८ मध्ये अमर कौशिक यांचा 'स्त्री' आला. चंदेरी गावातील भिंतींवर 'कल आना' असे लिहिलेले त्यात दाखवले आहे. 'नाळे बा'चेच हे हिंदी रूप. चित्रपट चतुर आहे आणि पुरुषांना रात्री घराबाहेर पडायची भीती वाटते, ही त्यातली उलटापालट मार्मिक आहे. पण तो हसवून परत पाठवतो. हसणे हीही दारावर 'उद्या ये' लिहिण्याचीच एक रीत आहे.

धारवाडहून बेळगावच्या वाटेवर बेलूर लागते. आता तेथे औद्योगिक वसाहत आहे. शेतांच्या जागी कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि रात्रभर जळणारे दिवे आहेत. ओसाड घर शोधायचे म्हटले तरी कठीण, आणि दुसऱ्या पाळीच्या वर्दळीत घुबडाचे ओरडणे ऐकू येण्याचा संभव कमी. भरताच्या यादीतील बहुतेक विभाव अशा ठिकाणी राहिलेले नाहीत. तरी पाळी संपवून मध्यरात्री कुणी घरी आले आणि कडी वाजली, की आतले माणूस आधी विचारते, 'कोण?' ओळखीचा आवाज आल्यावरही दार उघडण्यापूर्वी ते क्षणभर थांबते. त्या एका क्षणात आतल्या माणसाच्या मनात जे जे येऊन जाते, ते ज्या चित्रपटाला सापडले, तोच खरा भयपट. बाकीचे पुष्कळ सुंदर आहेत, आणि त्यांची गाणी आपण पुढेही ऐकत राहूच.